तिसगाव (कल्याण–निर्मल महामार्ग)

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव व राष्ट्रीय महामार्ग 61 वरील नाका. नगरपासून अंतर सुमारे 40 किमी. महामार्गाचा जुना क्रमांक 222. 2010 च्या फेररचनेत तो बदलला. लोकांच्या तोंडी मात्र ‘कल्याण–विशाखापट्टणम रस्ता’ हेच नाव आहे.

मुंबईच्या उपनगरी पट्ट्यातील कल्याणहून हा रस्ता मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी असा नगरला येतो. पुढे गर्भगिरीच्या रांगेतला करंजी घाट ओलांडला की तिसगाव. तेथून पाथर्डी, खरवंडी कासार, माजलगाव, परभणी, नांदेड, भोकर असे करत तो तेलंगणातील निर्मलला पोहोचतो. कल्याणच्या टोकाला ठाणे-भिवंडीकडील रस्ते मुंबईचा विमानतळ आणि 1989 मध्ये सुरू झालेले न्हावाशेवा बंदर गाठून देतात.

घाटमाथ्यावरचा माल कोकणातल्या बंदराला नेण्याची ही दिशा फार जुनी आहे. सातवाहनांची राजधानी पैठण आणि तेव्हाचे बंदर कल्याण यांच्यातला व्यापार जुन्नरवरून नाणेघाटाने उतरे. आजचा माळशेज त्याच डोंगररांगेत, नाणेघाटाच्या शेजारी आहे. तिसगावातूनच शेवगावमार्गे पैठणचा रस्ता फुटतो, म्हणून या गावाला नुसता थांबा म्हणणे अपुरे ठरेल.

रस्त्याची खरी वर्दळ दोन वेळा दिसते. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत जवळच्या मढी गावी कानिफनाथांची यात्रा भरते. मानाच्या काठ्या घेऊन भटक्या समाजांचे लोक येतात, गाढवांचा बाजार भरतो. दुसरी वेळ दसऱ्यानंतरची. पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड मजूर संसाराची भांडीकुंडी, लेकरेबाळे ट्रक-ट्रॅक्टरवर घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. ज्यांची पोटे या रस्त्यावर अवलंबून आहेत, त्यांनाच त्याचे खड्डे सर्वाधिक सोसावे लागले. नगर–पाथर्डी टप्प्याचे काम वर्षानुवर्षे रखडले. डिसेंबर 2022 मध्ये पारनेरचे तेव्हाचे आमदार निलेश लंके यांनी जिल्ह्यातील राष्ट्रीय महामार्गांच्या दुरवस्थेविरुद्ध नगरला उपोषण केले, त्यात हाही रस्ता होता.

पावसाळ्यात माळशेज घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडते. त्या दिवसांत तिसगावहून कल्याणकडे निघणाऱ्याने घाट सुरू असल्याची खात्री आळेफाट्याच्या आधीच करून घ्यावी.