सिगारचा धूर आत घेत नाहीत, मग धोका कसला?

सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात घोळवून सोडायचा असतो. नवख्याला मिळणारा हा पहिला सल्ला. तो बरोबरच आहे. चूक आहे ती त्यातून ‘म्हणजे सिगार सिगारेटपेक्षा बरा’ असा अर्थ काढण्यात.

सिगारची तंबाखू वाळवून आंबवलेली असते. तिचा धूर अल्कधर्मी असतो आणि त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. सिगारेटचा धूर त्या मानाने आम्लधर्मी, म्हणून तो आत ओढावा लागतो. शिवाय एका सिगारेटमध्ये तंबाखू जेमतेम एक ग्रॅम, तर मोठ्या सिगारमध्ये कधीकधी अख्ख्या पाकिटाएवढी! पहिल्याच वेळी घाम, मळमळ, चक्कर येते ती यामुळे. अशा वेळी ‘संपवायलाच हवा’ हा हट्ट सोडून तो बाजूला ठेवावा. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका धूर न गिळताही राहतोच.

बाहेरचं पान काळपट म्हणजे सिगार कडक, हाही गैरसमज. कडकपणा मुख्यतः आतल्या भरणीवर ठरतो. आणि क्यूबातल्या बायका मांडीवर सिगार वळतात ही निव्वळ दंतकथा. तिथले कारागीर टेबलावर, लाकडी फळीवर वळतात.

सिगार श्रीमंती शौक वाटला, तरी भारताच्या २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात तो बिडी आणि चिरूटाच्याच यादीत आहे. १८ वर्षांखालील कुणालाही तो विकता येत नाही.