अक्षर आणि चौकट

भिलाईच्या दक्षिणेस, दुर्ग जिल्ह्यात, उतई नावाचे एक लहानसे नगर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत त्याची राजधानीही नागपूरच होती. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या त्या राज्यात मराठी व हिंदी या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदल्या. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे या परिसरात येऊन स्थिरावली. त्यांत मराठी माणसेही होती. मराठी प्रदेशापासून दूर राहणाऱ्या अशा कुटुंबांना मराठी मजकूर आज पुष्कळदा भेटतो तो हातातल्या फोनच्या पडद्यावर.

आणि तो नेहमी धडपणे भेटतोच असे नाही. ओळीचे टोक पडद्याच्या कडेबाहेर गेलेले असते. शीर्षकातील रफार व अनुस्वार वरच्या काठाला कापले जातात, तर उकार खालच्या काठाला. रकाने एकमेकांवर चढतात. चित्राखाली हवी ती ओळ चित्राच्या अंगावर येते. वाचकाला वाटते, फोन जुना झाला असावा. वस्तुतः हा दोष फोनचा नसतो, आणि तो नवाही नाही. अक्षर एका मापाचे आणि त्याला दिलेली चौकट दुसऱ्या मापाची, हे भांडण मराठीत चारशे वर्षांहून अधिक काळ चालत आले आहे. दर वेळी प्रश्न एकच होता : वाकायचे कोणी, अक्षराने की चौकटीने?

यंत्र येण्यापूर्वी हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. पोथी लिहिणाऱ्याच्या हाती बोरू असे आणि पानाची रुंदी डोळ्यांसमोर असे. तो समास आखून घेई आणि ओळ भरत जाई. चरण संपला म्हणून ओळ संपली पाहिजे, असा त्याचा हट्ट नसे. कोठे काय संपते ते दंड आणि ओवीचा अंक सांगत. म्हणूनच ज्ञानेश्वरीतील वचनाचा निर्देश आजही अध्याय व ओवी यांच्या क्रमांकांनी होतो, पानाच्या क्रमांकाने नव्हे. पोथी लांबट असो वा चौकोनी, अक्षर मोठे असो वा बारीक, ओवीचा पत्ता बदलत नाही. मजकुराची रचना एक गोष्ट आणि पानाचा आकार दुसरी, हा विवेक जुन्या लेखकूंना सवयीनेच साधला होता. आजच्या वेबपानाची दुरुस्ती करणाऱ्याला तोच विवेक पुन्हा शिकावा लागतो.

छापखाना आला आणि हे सुख संपले. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ साली पोहोचले. परंतु फादर टॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. देशी लिपीत पुस्तके छापावीत, अशी स्टीफन्स यांची स्वतःची उत्कट इच्छा होती. १६०८ साली आपल्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी अडचणही नमूद केली आहे : युरोपच्या लिपीला चोवीस साचे पुरतात, येथे सहाशे लागतील. त्या एका आकड्यात पुढील सर्व इतिहास साठविलेला आहे. रोमन अक्षरे एका ओळीत, एकाशेजारी एक उभी राहतात. देवनागरी अक्षर मात्र शिरोरेषेपासून खाली लोंबते. त्याच्या डोक्यावर मात्रा व रफार, पायाशी उकार, डाव्या अंगाला ऱ्हस्व वेलांटी आणि पोटात जोडाक्षर. रोमन ओळीच्या मापाने केलेली चौकट त्याला पुरावी कशी?

मुंबईत या अडचणीवर दोन वाटा निघाल्या. पहिली गणपत कृष्णाजींची. त्यांनी शिळाप्रेसवर १८३१ साली पंचांग छापले. शिळेवर हाताने लिहिलेलेच उमटते. तेथे खिळ्यांचे बंधन नसते. दुसरी वाट अधिक कष्टाची होती. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे सुबक ठसे घडविले. त्याच छापखान्यात लहान वयात कामास लागलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला व १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरच्या ग्रंथांतील अक्षर आजही डोळ्यांस निववते. त्यामागे शेकडो निरनिराळे खिळे होते आणि खणाखणांतून नेमका खिळा उचलणाऱ्या जुळाऱ्यांचे कसब होते. येथे अक्षर वाकले नाही. त्याच्या मापाची चौकट माणसांनी श्रमाने घडविली.

छत्तीसगढच्या मातीतही या मुद्रणकाळाची एक आठवण आहे. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. घरची भाषा एक आणि लेखनाची दुसरी, पण दोहोंची लिपी देवनागरीच. मात्र लिपी एक असली तरी वळण अगदी एक नव्हे. मराठी हाताला ‘ल’ आणि ‘श’ यांची जी वळणे परिचित आहेत, ती हिंदी हाताच्या वळणांहून निराळी आहेत. हा लहानसा भेद पुढे पडद्यावरही उपस्थित व्हायचा होता.

विसाव्या शतकात वेगाचे युग आले आणि जुळाऱ्याच्या सावकाश हातांवर भागेना. न्यूयॉर्कमध्ये हरी गोविल यांनी १९३० नंतरच्या दशकात लायनोटाइप यंत्रासाठी देवनागरी सिद्ध केली. या यंत्राच्या कळा नव्वद. शिवाय त्यातील साचे एकाशेजारी एक उभे राहात, म्हणून एकाचा भाग दुसऱ्याच्या डोक्यावर नेणे कठीण. तेव्हा यंत्र बदलत नसेल तर लिपीच बदलावी, हा विचार बळावला. त्यामागील हेतू मुळीच हलका नव्हता. स्वस्त छपाई, त्वरित वृत्तपत्रे आणि साक्षरतेचा प्रसार यांची तळमळ त्यात होती. सावरकरांनी पुरस्कारिलेली ‘अि, अी, अु, अू’ ही अ-ची बाराखडी अनेक मराठी छापील पानांवर दिसू लागली. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडून काढून उजवीकडे, आखूड दांड्याने, लिहावी असे ठरविले. कारण उघड होते : उच्चारात व्यंजन आधी आणि इकार नंतर, यंत्रालाही तोच क्रम सोयीचा. परंतु वाचणाऱ्यांच्या डोळ्यांनी तो बदल स्वीकारला नाही आणि अखेर तो मागे घ्यावा लागला.

या वेलांटीची पुढील कथा मनोरंजक आहे, आणि बोधप्रदही. संगणकासाठी १९९१ साली ‘युनिकोड’ या जागतिक अक्षरसंकेताची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीसाठी एकशे अठ्ठावीस जागांचा खंड राखला होता आणि त्याची मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतावर आधारलेली होती. या संकेतात ‘कि’ साठविताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी येते. म्हणजे लखनौच्या परिषदेला हवा होता तोच क्रम. पण पडद्यावर रेखाटताना वेलांटी आपल्या जुन्या जागी, डावीकडेच उमटते. साठवण यंत्राच्या सोयीची, दर्शन वाचकाच्या सवयीचे. जो तंटा सोडविण्यासाठी लिपीवर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली होती, तो साठवण आणि दर्शन यांची फारकत करताच मिटला. ‘विंडोज २०००’ बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडविला. सुलेखनाच्या परंपरेत मुरलेल्या या मराठी कलावंताच्या कामामुळे बोरूचे वळण आणि संगणकाचा नियम एका जागी आले.

अक्षराचा प्रश्न असा मार्गी लागत असता पानाचा प्रश्न मात्र अडला होता. वेबपाने रचणाऱ्यांनी आरंभी छापील पानाचेच अनुकरण केले. पडदा सहाशे चाळीस पिक्सेल रुंद, मग आठशे, मग एक हजार चोवीस, अशी मापे धरून कोष्टकांच्या अदृश्य चौकटींत मजकूर कोंबला जाई. हॉकोन व्हिउम ली यांनी १९९४ साली मजकूर व त्याची सजावट वेगवेगळी लिहिण्याची योजना मांडली. तिला १९९६ साली प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. तीच आजची ‘सीएसएस’. तरीही ठराविक मापांची सवय सुटली नाही. २००७ साली आयफोन आला तेव्हा त्याचा ब्राउझर अशा पानांसाठी स्वतःस नऊशे ऐंशी पिक्सेल रुंद समजे आणि सारे पान आक्रसून मुंगीएवढ्या अक्षरांत दाखवी. २०१० च्या मे महिन्यात ईथन मारकॉट यांनी या रोगावर तीन औषधांचा एकत्र काढा सांगितला : रकान्यांची मापे निश्चित आकड्यांत न देता प्रमाणात द्यावीत, चित्रांना आपल्या रकान्याची मर्यादा ओलांडू देऊ नये, आणि पडद्याची रुंदी पाहून मांडणी बदलण्याचे नियम आधीच लिहून ठेवावेत. रुंद पडद्यावर तीन रकाने शेजारी, अरुंद पडद्यावर तेच एकाखाली एक. पोथीकाराचा बोरू जे सहज करी, ते येथे नियमांनी साधले.

मात्र हे नियम रोमन लिपीच्या प्रदेशात घडले. मराठी पान दुरुस्त करणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये. त्याला आणखी काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले असे, की पान उघडताच फोनला ‘तुझी खरी रुंदी हीच पानाची रुंदी समज’ अशी सूचना द्यावी. ती नसली तर पुढचे सर्व उपाय व्यर्थ जातात. दुसरे, ओळींमधील अंतर मोकळे ठेवावे आणि शीर्षकाच्या चौकटीची उंची कधीही जखडू नये. रफार आणि उकार कापले जातात ते याच दोन चुकांमुळे. तिसरे, शोभेसाठी अक्षरांमध्ये फट वाढवू नये. रोमन अक्षरांत ती खुलते. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाची मोळी सुटते. चौथे, मराठी शब्द प्रत्ययांनी लांब होतात. ‘विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा’ हा एक शब्द अरुंद बटणात मावणार नाही, हे गृहीत धरून बटणालाच वाढू द्यावे. शब्द वाटेल तेथे तोडून जोडाक्षराची फाळणी करू नये. अरुंद रकान्यात दोन्ही कडा बळेच जुळवल्या तर शब्दांमध्ये भगदाडे पडतात. तेथे डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवणेच बरे. पाचवे, मराठी व रोमन शब्द एकाच ओळीत आले की एक वरून लोंबतो आणि दुसरा खाली टेकतो. दोहोंचे आकार जुळवून घडविलेला फॉन्ट निवडल्याशिवाय ती ओळ डुगडुगतच राहते.

शेवटचे पथ्य सर्वांत सोपे आणि सर्वांत उपेक्षित आहे. पान मराठीत आहे, अशी नोंद त्याच्या माथ्यावर करावी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे निश्चित केली. अनेक फॉन्टांत ‘ल’ व ‘श’ यांची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे भरलेली असतात. कोणते दाखवावे हे त्या एका नोंदीवरून ठरते. नोंद नसली तर फॉन्टच्या मूळ योजनेत असलेले वळण पुढे येते, आणि ते पुष्कळदा हिंदी असते. एका ओळीची आळस केलेली नोंद, आणि मराठी मजकूर परक्या हस्ताक्षरात समोर येतो.

हे सारे किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पण शासकीय अर्ज भरताना ज्या ओळीचे टोक पडद्याबाहेर गेले, तीत अर्जाची अखेरची तारीख असू शकते. कापल्या गेलेल्या अनुस्वाराने एकाचे अनेक आणि अनेकांचे एक होते : ‘त्याने’ आणि ‘त्यांनी’ यांत मराठी माणूस जो आदर पाहतो, त्याची निम्मी खूण त्या एका टिंबात आहे. मराठी प्रदेशात वाचक अशा चुका आजूबाजूच्या मराठीच्या आधारे भरून काढतो. उतईसारख्या ठिकाणी, जेथे रस्त्यावरची पाटी हिंदीत आणि घरातली बोली मराठीत, तेथे वाढणाऱ्या मुलाला मराठी अक्षर बहुतेक पडद्यावरच दिसते. पडदा जे दाखवील, तेच त्याच्या लेखी मराठी.

चार शतकांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. चौकटीच्या सोयीसाठी अक्षरात जे बदल केले गेले, ते फार काळ टिकले नाहीत. अक्षराच्या सोयीसाठी चौकट ज्यांनी बदलली, त्यांचे काम उरले. गणपत कृष्णाजींच्या शिळेपासून जावजींच्या खिळ्यांपर्यंत आणि जोशींच्या ‘मंगल’पर्यंत हीच एक रीत चालत आली आहे. आज फोनच्या चार अंगुळे पडद्यासमोर बसून एखाद्या वेबपानाची कड जुळविणारा तरुणही, त्याला ठाऊक असो वा नसो, त्या रांगेतलाच जुळारी आहे.