धार ते खोडद : अतिनवताऱ्यांच्या नोंदी आणि मॅग्नेटारचा शोध

इसवी सनाच्या 11 व्या शतकात पन्नास वर्षांच्या आत दोन 'नवे' तारे आकाशात प्रकट झाले. पहिला 1006 साली, दुसरा 1054 साली. दुसरा तारा दिसला तेव्हा माळव्यात धार येथे परमार राजा भोज याची कारकीर्द अखेरच्या टप्प्यात होती. शके 964, म्हणजे इ. स. 1042 हे आरंभवर्ष असलेला 'राजमृगांक' हा ज्योतिषविषयक करणग्रंथ त्याच्या नावावर आहे. अल्‌ बेरुनीने 'किताबुल हिंद'मध्ये धार नगरीचा व भोजदेवाचा उल्लेख केला आहे. म्हणजे आकाश पाहणारी, गणित करणारी परंपरा धारेत होती. परंतु करणग्रंथाचा हेतू ग्रहांची स्थिती गणिताने काढून देणे हा असतो. अचानक उगवून मावळणाऱ्या ताऱ्याला त्या गणितात जागा नसते. अशा घटनेची नोंद करायला वेगळी दृष्टी लागते. ती दृष्टी आणि आजचे खगोलशास्त्र यांचा संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन हकीम, दोन तारे

कैरोचा हकीम अली इब्न रिदवान याने हिजरी 396 (इ. स. 1006) मध्ये, विद्यार्थिदशेत असताना, वृश्चिक राशीत एक तेजस्वी गोल पाहिला. पुढे टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथावर भाष्य लिहिताना त्याने तो प्रसंग नोंदवला. आकार शुक्राच्या अडीच ते तीन पट आणि प्रकाश चंद्राच्या पाव हिश्शाहून थोडा अधिक, असे त्याचे वर्णन आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे त्या दिवशी सूर्य, चंद्र व ग्रह कोणकोणत्या अंशावर होते, हेही त्याने लिहून ठेवले. त्यावरूनच आधुनिक संशोधकांना 30 एप्रिल 1006 ही तारीख निश्चित करता आली.

1054 च्या ताऱ्याचा उल्लेख बगदादचा हकीम इब्न बुतलान याच्या नावे मिळतो. तो इब्न अबी उसैबिआ याने 13 व्या शतकात आपल्या हकिमांच्या चरित्रकोशात जतन केला. हिजरी 446 मध्ये मिथुन राशीत उगवलेल्या ताऱ्याचा संबंध इब्न बुतलानने फुस्तातमधील साथीशी जोडला. विशेष असे की, इब्न रिदवान व इब्न बुतलान यांच्यात वैद्यक आणि तत्त्वज्ञान यांवर कडवट वाद झाला होता. आज मात्र दोघांचीही नावे एकाच शास्त्राच्या इतिहासात शेजारी शेजारी घेतली जातात. चीनमधील नोंदींप्रमाणे हा तारा 23 दिवस भर दिवसाही दिसत होता.

दोघांनीही ताऱ्यात आपत्तीचे कारण पाहिले. तो अर्थ टिकला नाही, नोंद टिकली. हदीसशास्त्रात 'रिवायत' आणि 'दिरायत' असा भेद केला जातो. काय सांगितले गेले हे एक, आणि त्याची बुद्धीने केलेली पारख हे दुसरे. येथे तोच भेद उपयोगी पडतो.

स्फोटाला तेज कोठून मिळते?

1006 चा तारा म्हणजे एका श्वेत बटूचा विस्फोट होता. 1054 चा प्रकार वेगळा. तेथे एका जड ताऱ्याचा गाभा स्वतःच्या भाराने कोसळला व न्यूट्रॉन तारा मागे राहिला. 1968 साली क्रॅब तेजोमेघात तो स्पंदकाच्या रूपाने सापडला. तो सेकंदाला सुमारे 30 वेळा स्वतःभोवती फिरतो. त्याचे फिरणे हळूहळू मंदावत आहे आणि गमावलेली ऊर्जा, जी सूर्याच्या तेजाच्या सुमारे लाखपट आहे, भोवतालच्या मेघाला उजळत ठेवते.

सामान्य अतिनवताऱ्याचा उजेड मुख्यतः किरणोत्सारी निकेलपासून येतो. निकेलचे कोबाल्ट व कोबाल्टचे लोखंड होताना ऊर्जा बाहेर पडते. परंतु 21 व्या शतकाच्या पहिल्या दशकात यांच्या दहा ते शंभर पट तेजस्वी स्फोट लक्षात येऊ लागले. त्यांपैकी अनेकांना पुरेल इतके निकेल मानले, तर तेजाची चढउतार जुळत नाही.

उत्तराचा एक धागा आधीच हाती होता. 5 मार्च 1979 रोजी अवकाशयानांनी गॅमा किरणांचा एक प्रचंड झोत टिपला होता. अशा झोतांचा उगम सांगताना 1992 साली डंकन व थॉम्पसन यांनी अतितीव्र चुंबकक्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना मांडली व त्याला 'मॅग्नेटार' हे नाव दिले. त्याचे चुंबकक्षेत्र क्रॅबच्या स्पंदकाहून शेकडो पट असू शकते. 2010 साली केसन व बिल्डस्टेन यांनी, तसेच स्वतंत्रपणे वूस्ली यांनी दाखवले की, सेकंदाला शेकडो फेरे घेत जन्मलेला मॅग्नेटार काही दिवस वा आठवड्यांतच आपली परिभ्रमण ऊर्जा गमावेल आणि ती स्फोटाच्या कवचाला असामान्य तेज देईल. क्रॅबमध्ये जे हजार वर्षे मंदपणे चालले आहे, तेच येथे झपाट्याने घडते.

खोडदची साक्ष

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. 2010 साली आढळलेल्या 'पीटीएफ 10 एचजीआय' या महातेजस्वी अतिनवताऱ्याच्या जागी, स्फोटानंतर सुमारे साडेसात वर्षांनी, अमेरिकेतील दुर्बिणीला रेडिओ लहरी मिळाल्या. ते वृत्त 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर भारतीय संशोधकांनी खोडदच्या दुर्बिणीने त्याच उगमाचे कमी वारंवारतेवर निरीक्षण केले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष मॅग्नेटारने पोसलेल्या तेजोमेघाच्या कल्पनेशी सुसंगत आहेत. मात्र सुसंगत म्हणजे सिद्ध नव्हे. पदार्थ गिळणारे कृष्णविवर हाही पर्याय चर्चेत राहिला आहे. शिवाय काही महातेजस्वी स्फोटांत ताऱ्याने पूर्वी टाकलेल्या वायूशी होणारी टक्कर हे कारण अधिक पटते.

निष्कर्ष

आपल्या समाजात जुन्या ज्ञानाबद्दल दोन टोकांच्या भूमिका आढळतात. एक म्हणते, आजचे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. दुसरी म्हणते, जुन्या ग्रंथांत फक्त भ्रम आहेत. हा इतिहास दोन्ही भूमिकांना नाकारतो. इब्न रिदवानला न्यूट्रॉन तारा ठाऊक नव्हता आणि तसा दावा करणे त्याच्यावरच अन्याय ठरेल. त्याने डोळ्यांनी पाहिलेले मोजून, स्थळकाळासह लिहिले. हजार वर्षांनंतर ते पुरावा म्हणून उभे राहिले. खोडदचे संशोधकही वेगळे काही करत नाहीत. ते मोजतात, नोंदवतात आणि अर्थाबाबत सावध राहतात. आमच्या मदरशांत व महाविद्यालयांत या पूर्वसूरींची नावे अभिमानाने घेतली जातात. त्या नावांसोबत त्यांची नोंद ठेवण्याची शिस्तही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली, तरच त्या अभिमानाला अर्थ राहील.