पंचेचाळीस खेपांचा हिशेब

बेसबॉल आपल्याकडे फारसा कुणी खेळत नाही, म्हणून आधी एक गोष्ट सांगायला हवी. या खेळात फलंदाज दहा वेळा खेळायला उभा राहिला आणि त्यांपैकी तीन वेळा चेंडू टोलवून सुखरूप पहिल्या टप्प्यावर पोचला, तर तो उत्तम फलंदाज समजला जातो. अशा यशस्वी टोल्याला ‘हिट’ म्हणतात. दहापैकी सात वेळा अपयशी ठरणाऱ्या माणसाला तिथले लोक डोक्यावर घेऊन नाचतात! साहजिकच, आज कोण हिट मारणार, हे सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. तरीही माणसं ते सांगायचा प्रयत्न गेली दीडशे वर्षं करत आली आहेत.

या हिशेबाची मुळं आपल्या ओळखीची आहेत. हेन्री चॅडविक हा १८२४ साली इंग्लंडमध्ये एक्सिटरला जन्मलेला मुलगा लहानपणीच अमेरिकेत गेला आणि पुढे न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला. मग त्याला बेसबॉलचा नाद लागला. क्रिकेटचा धावफलक आणि सरासरी या दोन्ही गोष्टी त्यानं नव्या खेळात रुजवल्या. यातूनच पुढे फलंदाजाच्या हिट्सना त्याच्या खेपांनी भागून सरासरी काढायची रीत पडली. लोक सकाळी चहाबरोबर, नाही, तिकडे कॉफीबरोबर, ती आकडेवारी वाचू लागले आणि कोण चांगला, कोण वाईट हे त्यावरून ठरवू लागले.

पण सरासरी नेमक्या किती खेपांची धरायची? इथेच सगळी मेख आहे.

१९७० च्या हंगामाचे पहिले काही आठवडे झाले होते. पिट्सबर्गचा रॉबेर्तो क्लेमेंटे पहिल्या ४५ खेपांत १८ हिट मारून बसला होता, म्हणजे शेकडा ४०. न्यूयॉर्क यांकीज संघाचा थर्मन मन्सन हा बावीस वर्षांचा नवखा यष्टिरक्षक (तिकडे त्याला ‘कॅचर’ म्हणतात) तेवढ्याच खेपांत जेमतेम ८ हिट मारू शकला होता, म्हणजे शेकडा १८ सुद्धा नाही. तक्ता पाहून कुणीही म्हणालं असतं, की या पोराला परत धाकट्या संघात धाडा.

ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी अशा १८ फलंदाजांचे पहिल्या ४५ खेपांचे आकडे घेतले आणि उरलेल्या हंगामात त्यांनी काय केलं, त्याच्याशी ते ताडून पाहिले. १९७७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांनी ही हकिकत सामान्य वाचकांसाठी सांगितली. त्यामागची कल्पना चार्ल्स स्टाइन या गणितज्ञाची होती. त्यानं १९५६ साली सिद्ध केलं होतं, की तीन किंवा अधिक गोष्टींचा अंदाज एकदम बांधायचा असेल, तर प्रत्येकाची स्वतंत्र सरासरी हा सर्वांत चांगला अंदाज नसतो. सगळ्या आकड्यांना थोडं थोडं मधल्या आकड्याकडे ओढून घेतलं, तर एकूण चूक कमी होते. तेव्हा अनेक जाणकारांना हे खरं वाटेना.

त्याचं कारण मात्र समजायला सोपं आहे. त्या अठरा जणांची मिळून सरासरी होती शेकडा २६.५. एवढ्या कुवतीचा फलंदाज ४५ खेपांत साधारण १२ हिट मारेल. पण निव्वळ नशिबानं ते ९ होऊ शकतात किंवा १५ सुद्धा. क्वचित ६ नाही तर १८. प्रत्यक्षात त्या तक्त्यातले आकडे ७ ते १८ च्या दरम्यान होते. म्हणजे तक्त्यात दिसणारा बराचसा फरक गुणांचा नव्हताच, नशिबाचा होता! हिशेब असा निघाला, की मधल्या आकड्यापासून जितकं अंतर दिसेल, त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा खरा धरावा. त्यामुळे क्लेमेंटे ४० वरून २९ च्या आसपास उतरला आणि मन्सन १८ वरून जवळजवळ २५ वर चढला.

हंगाम संपला तेव्हा या पद्धतीनं मैदान मारलं होतं. चुकांचे वर्ग करून बेरीज केली, तर नुसत्या सरासरीची चूक हिच्या साडेतीनपट भरली. मन्सननं उरलेल्या हंगामात शेकडा ३१.६ नं हिट मारले आणि अमेरिकन लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू तोच ठरला. त्याला बाहेर बसवलं नाही, हे यांकीजचं शहाणपणच म्हणायचं.

क्लेमेंटेच्या बाबतीत मात्र ही पद्धत फसली. तो पुढेही शेकडा ३४.६ नं खेळला. गणिताला त्याचं नाव माहीत नव्हतं. त्यानं आधीच फलंदाजीची चार विजेतेपदं मिळवली आहेत, हे स्टेडियमबाहेर शेंगदाणे विकणाऱ्यालाही ठाऊक असणार. सूत्राला ठाऊक नव्हतं. पुढच्या पद्धतींनी हा इतिहास हिशेबात घेतला. या शतकाच्या सुरुवातीला टॉम टँगो या टोपणनावाच्या अभ्यासकानं गेल्या तीन हंगामांना ५, ४ आणि ३ असं वजन दिलं, आकडे मधल्या आकड्याकडे ओढले, वयाची थोडी दुरुस्ती केली आणि काम संपवलं. माकडालाही जमेल इतकं सोपं, म्हणून ‘फ्रेंड्स’ मालिकेतल्या मार्सेल माकडाचं नाव त्यानं या पद्धतीला दिलं. कितीतरी गुंतागुंतीच्या पद्धतींना तिच्या फारसं पुढे जाता आलेलं नाही.

अर्थात हंगामाचा अंदाज वेगळा आणि आजच्या सामन्याचा वेगळा. २००४ सालचे दोन फलंदाज बघा. बॅरी बाँड्सची सरासरी शेकडा ३६.२, इचिरो सुझुकीची ३७.२. फरक फक्त एका टक्क्याचा. पण बाँड्सच्या धास्तीनं समोरचे संघ त्याला खेळण्याजोगा चेंडूच टाकत नसत. त्याला त्या हंगामात २३२ वेळा पहिला टप्पा फुकट मिळाला, आणि अशा खेपा सरासरीत धरत नाहीत. त्यामुळे सरासरीत धरलेल्या त्याच्या खेपा सामन्याला अडीचच भरल्या. इचिरो सर्वांत आधी खेळायला यायचा. त्याच्या खेपा चारांहून जास्त. गुणाकार केला, तर एका सामन्यात निदान एक हिट मिळण्याची शक्यता बाँड्सची सुमारे ६८ टक्के आणि इचिरोची ८७ टक्के येते. इचिरोनं त्या वर्षी २६२ हिट मारून १९२० पासूनचा विक्रम मोडला.

अमेरिकेतल्या बेसबॉल संघटनेनं २००१ मध्ये यावरच एक स्पर्धा काढली. रोज आपण एक फलंदाज निवडायचा. त्यानं हिट मारला तर पुढे, नाही तर पुन्हा शून्यापासून. सलग ५७ वेळा अंदाज बरोबर आला की बक्षीस. पुढे ही रक्कम ५६ लाख डॉलरपर्यंत गेली, पण पहिल्या वीस वर्षांत ती कुणाच्याही हाती लागली नाही. रोज अचूक ८० टक्के शक्यतेचा फलंदाज सापडला, तरी सलग ५७ वेळा जमण्याची शक्यता सव्वातीन लाखांत एक येते. ७५ टक्क्यांचा सापडला, तर ती सव्वा कोटीत एकाहूनही कमी.

हा ५७ चा आकडा जो डिमॅजिओमुळे आला. १९४१ साली त्यानं सलग ५६ सामन्यांत हिट मारले होते. १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये केन केल्टनर या क्षेत्ररक्षकानं त्याचे दोन जोरदार टोले अडवले आणि मालिका तुटली. लगेच पुढच्या सामन्यापासून डिमॅजिओनं आणखी सलग १६ सामन्यांत हिट मारले.