‘क्रियाविशेषण अव्यय’ : एका जोडसंज्ञेचा इतिहास

इंग्रजीतील ‘ॲडव्हर्ब’ला मराठी शालेय व्याकरणात ‘क्रियाविशेषण अव्यय’ म्हणतात. ह्या जोडसंज्ञेतील पहिले पद शब्दाचे वाक्यातील कार्य सांगते. दुसरे त्याच्या रूपाविषयी, म्हणजे लिंग-वचनाने ते बदलत नाही असे सांगते. ही दोन लक्षणे एकत्र कशी आली, हा प्रश्न विचारणीय आहे.

त्यांची सांगड पाश्चात्त्य परंपरेत जुनी आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील डायोनिसियस थ्रॅक्स ह्याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात ‘क्रियापदाशी संबद्ध असा अविकारी शब्द’ अशा आशयाची व्याख्या आढळते. संस्कृत परंपरेत मात्र ही लक्षणे विभक्त राहिली. ‘शीघ्रं गच्छति’ ह्यातील ‘शीघ्रम्’ क्रियेचे विशेषण असले तरी रूपाने ते नपुंसकलिंगी द्वितीयेचे एकवचन आहे.

विल्यम कॅरी ह्यांचे इंग्रजीतून लिहिलेले मराठी व्याकरण 1805 मध्ये सेरामपूर येथे निघाले, तर दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 मध्ये. पुढे शालेय व्याकरणात रूढ झालेल्या आठ शब्दजाती इंग्रजीच्या विभागणीशी जुळणाऱ्या आहेत. लिंडले मरेच्या 1795 च्या इंग्रजी व्याकरणातील नऊ जातींतून ‘आर्टिकल’ वगळले की ह्याच आठ उरतात. नावे संस्कृताची, चौकट इंग्रजीची, असा हा संयोग होय.

मराठीचा स्वभाव ह्या चौकटीत पुरता मावत नाही. ‘मुलगा चांगला गातो’, ‘मुलगी चांगली गाते’ ह्या वाक्यांत ‘चांगला’ व ‘चांगली’ हे शब्द गाण्याची रीत दाखवितात, पण लिंगाप्रमाणे बदलतात. ‘त्याने चांगली चिठ्ठी लिहिली’ येथे ‘चांगली’ हे चिठ्ठीचे विशेषण. ‘त्याने चिठ्ठी चांगली लिहिली’ येथे रूप तेच राहूनही रोख लिहिण्याकडे वळतो. इंग्रजीत हा भेद ‘गुड’ व ‘वेल’ ह्या दोन शब्दांनी होतो. तथापि तेथेही रूप हा भरवशाचा निकष नव्हे : ‘फ्रेंडली’ला ‘ली’ असूनही ते विशेषण आहे; ‘फास्ट’ दोन्ही कामे करते; ‘सून’चे ‘सूनर’ होते.

मोरो केशव दामले ह्यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त पूर्वसूरींच्या मतांची चिकित्सा केली, अरविंद मंगरूळकरांनी 1964 मध्ये ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडला. शालेय पुस्तकांतही विकारी ते ‘क्रियाविशेषण’ व अविकारी ते ‘क्रियाविशेषण अव्यय’ असा भेद पुढे दिसू लागला.

हा वाद केवळ संज्ञेचा नाही. नाशिक जिल्ह्याच्या गुजरात सीमेवरील सुरगाणा तालुक्यात अनेक मुलांची घरची बोली कोकणा वा वारली आहे. त्यांना प्रमाण मराठीच शाळेत शिकावी लागते आणि इंग्रजीचे व्याकरण त्या मराठीच्या संज्ञांमधून कळते. ‘अव्यय’ हा शब्द आधी पाठ करविला, तर मूल शब्दाचे रूप न्याहाळीत बसते. ‘हा शब्द कशाविषयी सांगतो, कर्त्याविषयी की क्रियेविषयी?’ हा प्रश्न आधी विचारला, तर बोली, मराठी व इंग्रजी तिन्हींत त्याला एकच वाट सापडते. परंपरेने जोडलेली दोन लक्षणे अध्यापनात पुन्हा वेगळी करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.