पाहणे, पारखणे, करणे : कॅथलिक युवकसंघटना आणि निसर्गरक्षणाचा प्रश्न

पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्र २४ मे २०१५ या तारखेचे असून ते त्याच वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झाले. पोप जेव्हा सर्व चर्चला उद्देशून एखाद्या मोठ्या प्रश्नावर लिहितात, तेव्हा त्या लेखनास परिपत्र म्हणतात. प्रस्तुत परिपत्राचा विषय पृथ्वीची निगा हा होता, आणि तेव्हापासून कॅथलिक तरुणांच्या निसर्गरक्षणविषयक कार्याचा उगम त्यातच शोधण्याचा प्रघात पडला आहे. रोममध्ये पत्र निघाले आणि जगभरचे तरुण कामास लागले, अशी ही मांडणी आहे. ती सुटसुटीत आहे. परंतु कालक्रमाच्या कसोटीस ती उतरत नाही. परिपत्राच्या आधी २८ वर्षे फिलिपीन्समधील एका डोंगराळ धर्मग्रामातील श्रद्धाळू माणसे लाकडाचे ट्रक अडवून रस्त्यावर बसली होती. आणि ज्या विचारपद्धतीवर हे परिपत्र उभे आहे, ती पद्धत तर त्याहूनही साठ वर्षे जुनी आहे. तिचा जन्म अरण्यात झाला नाही. तो बेल्जियममधील कामगारवस्तीत झाला. निसर्गाचा प्रश्न कॅथलिक युवकांपर्यंत कामगारांच्या प्रश्नाच्या वाटेने आला, ही गोष्ट दृष्टीआड झाली म्हणजे या चळवळीचे बळ कशात आहे आणि तिची उणीव कोठे आहे, हे दोन्ही नीट कळत नाही.

जोसेफ कार्डाइन (१८८२–१९६७) हा या इतिहासातील पहिला पुरुष. ब्रुसेल्सनजीकच्या स्कारबेक येथे जन्मलेला आणि हाले या लहान गावात वाढलेला हा मुलगा धर्मगुरू होण्यासाठी शिकू लागला, त्याच सुमारास त्याचे शाळासोबती गिरण्यांत कामास लागले. सुटीत घरी आल्यावर त्यांनी आपल्याला परका मानले, आपण त्यांच्या शत्रुपक्षास मिळालो असे त्यांना वाटले, ही आठवण कार्डाइन आयुष्यभर सांगत असे. १९०३ साली त्याचे वडील वारले. कष्टांनी झिजलेल्या त्या देहाजवळ आपले आयुष्य कामगारवर्गासाठी वेचण्याचा निश्चय त्याने केला. १९०६ साली त्यास गुरुदीक्षा मिळाली आणि १९१२ साली लाकेन या ब्रुसेल्सच्या कामगारवस्तीत त्याची नेमणूक झाली.

लाकेन येथे त्याच्याकडे प्रथम स्त्रियांमधील काम आले. शिवणकामावर उमेदवारी करणाऱ्या मुलींचे अभ्यासमंडळ हा त्याचा पहिला प्रयोग होय. पुढे जगभर युवकांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या चळवळीचा आरंभ मुलींपासून झाला, हे तिच्या इतिहासकारांनीही पुष्कळदा ओझरतेच सांगितले आहे. या मंडळात मुलींना उपदेश केला जात नसे. किती तास काम, किती मजुरी, कामाच्या जागी हवा व उजेड कितपत, मालकाची वागणूक कशी, याची चौकशी मुलींनी स्वतः करावयाची, आपापल्या नोंदी बैठकीत मांडावयाच्या, आणि जे दिसले ते शुभवर्तमानाच्या प्रकाशात न्याय्य ठरते काय याचा विचार करावयाचा. त्यानंतर प्रत्येकीने पुढील बैठकीपर्यंत एखादे लहानसे काम अंगावर घ्यावयाचे. पाहणे, पारखणे आणि करणे या तीन पायऱ्यांचे सूत्र यातूनच तयार झाले.

पहिल्या महायुद्धात जर्मन सत्तेने कार्डाइनला तुरुंगात टाकले. युद्ध संपल्यावर फेर्नां तोने, पोल गार्से आणि जाक मेर्त या तरुणांच्या साहाय्याने त्याने जी संघटना उभारली, तिला पुढे ‘तरुण ख्रिस्ती कामगार’ हे नाव मिळाले. केवळ कामगारांचीच वेगळी संघटना असावी, ही कल्पना बेल्जियममधील वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना मानवली नाही. वर्गभेदास धर्माची मान्यता मिळेल अशी भीती त्यांना वाटत होती. तेव्हा मार्च १९२५ मध्ये कार्डाइन थेट रोमला गेला आणि पोप अकरावे पायस यांची अनुमती घेऊन आला. दुसऱ्या महायुद्धात तोने व गार्से यांना नाझींनी पकडले. १९४५ च्या आरंभी, युद्ध संपण्यास काही महिने उरले असता, दोघेही दाखाउच्या छळछावणीत मरण पावले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कार्डाइनच्या विचारात वने, नद्या किंवा हवामान यांना स्थान नव्हते. त्यास पर्यावरणवादाचा आद्य प्रवर्तक ठरविणे म्हणजे आजचे शब्द मागील काळाच्या तोंडी घालणे होय. त्याने दिलेली देणगी विषयाची नव्हती, पद्धतीची होती. पोप तेविसावे जॉन यांनी १५ मे १९६१ च्या परिपत्रात ही तीन पायऱ्यांची पद्धत नाव घेऊन स्वीकारली, आणि तरुणांनी ती केवळ पाठ न करता प्रत्यक्ष वापरून शिकावी असेही सांगितले. १९६५ साली कार्डाइनला कार्डिनलपद मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सामान्य ख्रिस्तजनांच्या सेवाकार्याविषयीचा जो आदेश काढला, त्यात तरुणांचे पहिले प्रेषित तरुणच असले पाहिजेत, असे म्हटले आहे. लाकेनच्या अभ्यासमंडळात जे तेरा-चौदा वर्षांच्या शिवणकामगार मुलींकडून करवून घेतले होते, ते अर्धशतकानंतर जागतिक चर्चच्या आदेशात उतरले.

निसर्गाचा विषय या परंपरेत आला तोही कामगारप्रश्नाचेच बोट धरून. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली मजुरांच्या स्थितीवर परिपत्र काढले होते. त्याच्या ऐंशीव्या वर्षी, १४ मे १९७१ रोजी, पोप सहावे पॉल यांनी एक पत्र लिहिले. नागरीकरण, तरुण, स्त्रिया आणि स्थलांतरित मजूर यांच्याबरोबर निसर्गाच्या अविचारी लुटीचा उल्लेख त्यात एक सामाजिक प्रश्न म्हणून केलेला आहे. १९७९ साली असिसीचे संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित करण्यात आले, आणि १ जानेवारी १९९० चा शांतिदिनाचा पोपसंदेश या विषयास वाहिलेला होता. परंतु या अधिकृत लेखनाची यादी वाढविण्यात फारसा अर्थ नाही. त्या वीस वर्षांत निर्णायक घटना घडल्या त्या मिंदानाओ बेटावर.

फिलिपीन्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे ७० टक्के भूमी वनाच्छादित होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रमाण एक चतुर्थांशाहूनही खाली आले. मिंदानाओतील बुकिद्नोन प्रांतात, सॅन फर्नांदो या धर्मग्रामात, लोकांची छोटी छोटी मंडळे शास्त्रवाचन आणि गावच्या अडचणी यांचा एकत्र विचार करीत असत. १९७१ पासून मिंदानाओतील धर्मप्रांतांनी अशा मंडळांना हेतुपुरस्सर उत्तेजन दिले होते. झरे आटले, पूर वाढले, भाताची खाचरे गाळाने भरली, ही या मंडळांची पाहणी. या सर्वांचे कारण डोंगरमाथ्यावरील लाकूडतोड आहे, आणि ती ज्यांच्या लाभासाठी चालते ते खाली राहत नाहीत, ही त्यांची पारख. १९८७ साली ते रस्त्यावर बसले आणि लाकडाचे ट्रक त्यांनी अडविले. पुढे त्यांच्यापैकी काहींनी मनिला येथे सरकारी खात्याच्या कचेरीपुढे उपोषण केले. लाकूडतोडीचे परवाने थांबले, आणि गावकऱ्यांना व धर्मगुरूंना वनरक्षणाचे अधिकारही देण्यात आले. हे कार्य केवळ युवकांचे नव्हते, हेही स्पष्ट केले पाहिजे. शेतकरी, स्त्रिया, म्हातारी माणसे आणि तरुण एकत्र बसले होते. मंडळ गावाचे होते, त्यात तरुण होते. तरुणांचे मंडळ वेगळे काढून त्यास एखादा कार्यक्रम नेमून दिलेला नव्हता. या भेदाचे महत्त्व पुढे दिसेल.

२९ जानेवारी १९८८ रोजी फिलिपीन्सच्या बिशपांनी आपल्या सुंदर भूमीचे काय होत आहे, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारे संयुक्त पत्र प्रसिद्ध केले. केवळ पर्यावरणास वाहिलेल्या बिशपांच्या सामुदायिक पत्रांत ते अगदी आरंभीचे गणले जाते. कृती आधी आणि पत्र नंतर, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. या क्रमाची किंमतही मोजावी लागली. फादर नेरी सातूर हा बुकिद्नोनमधील तरुण धर्मगुरू वनरक्षक म्हणून नेमला गेला होता. १४ ऑक्टोबर १९९१ रोजी मिस्सा आटोपून परतत असता त्यास गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ५ नोव्हेंबर रोजी, लेते बेटावरील ओर्मोक शहरावर वादळी पावसाने लोंढा आला आणि काही तासांत हजारो माणसे बुडाली. वरचे डोंगर पूर्वीच उघडेबोडके झालेले होते.

याच काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही असाच अनुभव येत होता. मिंदानाओचा आणि वसईचा प्रत्यक्ष संबंध दाखविता येत नाही, आणि तो ओढूनताणून जोडण्याचे कारणही नाही. सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती झालेल्या आणि मराठीची सामवेदी, वाडवळी आदी रूपे बोलणाऱ्या वसईच्या बागायतदारांचे जीवन केळी, पानवेल आणि फुलझाडे यांवर, म्हणजे पर्यायाने विहिरीच्या गोड्या पाण्यावर अवलंबून होते. मुंबईच्या विस्ताराबरोबर हे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले, भूगर्भातील साठा खालावला, समुद्राचे पाणी आत शिरले आणि विहिरी खाऱ्या झाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिलेली हरित वसई संरक्षण समिती ही या परिस्थितीची निर्मिती होय. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिच्या अग्रभागी होते. ती ख्रिस्ती संघटना नव्हती. हिंदू आणि ख्रिस्ती शेतकरी तिच्यात एकत्र होते. तथापि धर्मग्रामातील तरुणांना निसर्गाचा प्रश्न प्रथम भेटला तो ग्रंथात नव्हे, घराच्या मागील विहिरीत, ही गोष्ट सॅन फर्नांदोच्या अनुभवाशी नेमकी जुळते.

या सर्वांनंतर ‘लाउदातो सी’ वाचले म्हणजे त्याची रचना परिचित वाटू लागते. पहिले प्रकरण पृथ्वीच्या स्थितीची पाहणी करते; मधली प्रकरणे धर्मशास्त्र आणि मानवी कारणे यांच्या आधारे तिची पारख करतात; शेवटची दोन कृती व शिक्षण यांकडे वळतात. हा योगायोग नव्हे. लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी १९६८ च्या मेदेयीन परिषदेपासून ही पद्धत वापरली होती. १९९२ साली सांतो दोमिंगो येथे ती बाजूस सारली गेली आणि २००७ साली आपारेसिदा येथे पुन्हा स्वीकारली गेली. आपारेसिदाच्या मसुदासमितीचे प्रमुख होते बुएनोस आयरेसचे कार्डिनल बेर्गोल्यो, म्हणजेच पुढील पोप फ्रान्सिस. शिवाय प्रवाळांच्या नाशाविषयी लिहिताना परिपत्राच्या ४१ व्या परिच्छेदात फिलिपीन्सच्या बिशपांच्या १९८८ च्या पत्रातील शब्दच उद्धृत केलेले आहेत. तेव्हा रोमचे पत्र हा उगम नव्हे. दूरच्या ओढ्यांचे पाणी ज्यात येऊन मिळाले असा तो संगम होय.

त्यानंतरच्या दशकात कार्य पुष्कळ वाढले. २०१५ साली स्थापन झालेल्या जागतिक कॅथलिक हवामान चळवळीने २०२१ मध्ये परिपत्राचेच नाव धारण केले, आणि तिची युवकशाखाही अनेक देशांत पसरली. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा निसर्गासाठी प्रार्थनेचा काळ पाळला जाऊ लागला. तरुण अर्थशास्त्रज्ञांची असिसी येथील सभा साथीमुळे २०२० मध्ये दूरसंपर्काने आणि २०२२ मध्ये प्रत्यक्ष भरली. तथापि या वाढीबरोबर एक दोषही शिरला. अनेक ठिकाणी पहिल्या दोन पायऱ्या गाळून तरुणांना तिसरीवरच उभे केले जाते. ठरलेल्या दिवशी रोपे लावावयाची, किनारा झाडावयाचा, छायाचित्र घ्यावयाचे. रोप कोणत्या जातीचे, ते पुढील उन्हाळ्यात कोण जगविणार, किनाऱ्यावरचा कचरा कोठून आला, ही चौकशी होत नाही. लहान नित्यकृत्यांचे मोल परिपत्रानेच सांगितले आहे, म्हणून त्यांचा उपहास करणे योग्य नव्हे. परंतु लाकेनच्या मुली मजुरीचे आकडे गोळा करीत असत, हे येथे आठवते. याउलट टीका करणाऱ्यांचे म्हणणे असे की, या पद्धतीमुळे धर्माचे समाजशास्त्र होते. हा आक्षेप पूर्वी कार्डाइनवरही घेतला गेला होता. त्यात तथ्य असेल तर ते मधली पायरी सैल सुटल्यावर. शास्त्रवचनाची कसोटी जेथे खरोखर लावली गेली, तेथे तो टिकत नाही.

पाहणीची पायरी न गाळल्यास काय घडते, याचे अलीकडील उदाहरण पुन्हा फिलिपीन्समध्येच सापडते. नेग्रोस बेटावर कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभारण्याच्या योजनेविरुद्ध तरुणांनी मोहीम चालविली. सान कार्लोसचे बिशप जेरार्दो आल्मिनाझा त्यांच्या पाठीशी राहिले. मार्च २०१९ मध्ये नेग्रोस ओक्सिदेंताल प्रांताच्या गव्हर्नरने प्रांत कोळसामुक्त राहील असा आदेश काढला. कोळशाच्या केंद्रांना भांडवल कोण पुरविते हा प्रश्न मग बँकांकडे आणि बँकांकडून ठेवीदारांकडे गेला, आणि त्या ठेवीदारांत खुद्द चर्चच्या संस्थाही होत्या. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपीन्सच्या बिशपांनी संयुक्त पत्र काढून कोळसा, खाणकाम व लाकूडतोड यांसारख्या उद्योगांच्या मालकांकडून देणग्या न स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, आणि अशा उद्योगांना पैसा पुरविणाऱ्या बँकांतून आपल्या संस्थांच्या ठेवी काढून घेण्यासाठी २०२५ ही मुदत घातली.