चिपचे माहात्म्य

जुन्या डिस्कमनच्या चाहत्यांचा एक लाडका सिद्धांत आहे. ऐंशीच्या दशकातली जड, धातूच्या अंगाची यंत्रे सुरेख वाजत, कारण आकड्यांचे विद्युतलहरीत रूपांतर करणारी त्यांची 'डॅक' चिप उत्तम होती. पुढे प्लास्टिक आले, चिप स्वस्त झाली आणि आवाज पातळ झाला. या मतामागचा अनुभव खोटा नाही. एकाच हेडफोनवर जुने आणि नवे यंत्र वेगळे वाजते, हे कोणीही ऐकू शकतो. पण त्याचे श्रेय भलत्यालाच दिले जाते.

आधी चिपचेच बघू. सोनीच्या 1982 च्या सीडीपी-101 या पहिल्या घरगुती प्लेअरमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळून एकच रूपांतरक होता. तो आळीपाळीने काम करी, त्यामुळे दोन बाजूंत सुमारे 11 मायक्रोसेकंदांचे अंतर पडे. ही तडजोड होती, कारण चांगले सोळा-बिट रूपांतरक तेव्हा महाग होते. नव्वदच्या दशकात एक-बिट पद्धतीच्या चिपा रुळल्या आणि हे काम स्वस्तात, सहज होऊ लागले. तेव्हा चिपच आवाज ठरवत असेल, तर नवी यंत्रे सरस ठरायला हवीत. पूर्वपक्ष इथेच अडतो.

फरक चिपच्या पुढे पडतो, हेडफोनला ताकद देणाऱ्या टप्प्यात. सोनीचा पहिला डिस्कमन, 1984 चा डी-50, चालत असे नऊ व्होल्टवर. (त्याच्या पोटात बॅटरी नव्हतीच, सेलचा वेगळा डबा जोडावा लागे. 'पोर्टेबल' म्हणायला मोठे मन हवे!) पुढची यंत्रे दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर आली. व्होल्टेज वाढवणारी खास सोय नसेल, तर तीन व्होल्टच्या पुरवठ्यातून हेडफोनला फार तर एक व्होल्टच्या आसपास मिळतो. 300 ओहमच्या हेडफोनवर मोठा आवाज येताच लहरींची टोके कापली जातात आणि ऐकणारा म्हणतो, 'चिप कर्कश आहे.'

खर्जाची कथा याहून मजेशीर. हेडफोनकडे जाणाऱ्या वाटेवर बहुधा एक कपॅसिटर असतो. तो 220 मायक्रोफॅरडचा असेल, तर 16 ओहमच्या इअरफोनवर साधारण 45 हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो. 32 ओहमवर तीच मर्यादा 23 च्या जवळ जाते. म्हणजे तेच यंत्र, तीच सीडी, आणि एका इअरफोनवर पखवाजाचा घुमारा भरदार, तर दुसऱ्यावर पोकळ. यात चिपचा संबंध काय?

युरोपात विकलेल्या यंत्रांचे तर आणखी वेगळे. कानांच्या रक्षणासाठी फ्रान्सने 1996 मध्ये आवाजाला 100 डेसिबेलची कायदेशीर मर्यादा घातली. पुढे युरोपीय मानकाने हेडफोनच्या जोडणीवरचे व्होल्टेजही बांधून टाकले. अशी यंत्रे मुळात हळू वाजतात, आणि किंचित हळू वाजणारे यंत्र कानाला 'निर्जीव' भासते. अर्ध्या-एक डेसिबेलचा फरक 'मोठा आवाज' म्हणून जाणवत नाही, 'स्वच्छ आवाज' म्हणून जाणवतो. दोन यंत्रांची पातळी व्होल्टमीटरने जुळवल्याशिवाय केलेल्या तुलनेला म्हणूनच मी फारशी किंमत देत नाही.

पूर्वपक्षाच्या पदरात एक गोष्ट मात्र टाकायला हवी. सीडीवरचा एक सेकंद म्हणजे 14,11,200 बिट. धक्का बसल्यावर गाणे तुटू नये म्हणून चाळीस सेकंद साठवायचे, तर साडेपाच कोटींहून अधिक बिट लागतात. एवढी मेमरी महाग पडे. म्हणून अनेक निर्मात्यांनी संगीत दाबून, काही माहिती गाळून साठवले. ही झीज खरी आहे. 'आकडे तेच, म्हणून आवाजही तोच' असे म्हणणारे दुसऱ्या टोकाचे पंडित इथे चुकतात. पण हाही दोष चिपचा नव्हे. ज्या यंत्रांत धक्कारोधक बंद करायचे बटण आहे, तिथे ते बंद केले की तीच चिप मूळ, अखंड आकडे वाजवू लागते.

चिपच तपासायची असेल, तर हेडफोन बाजूला ठेवावा. दोन्ही यंत्रांना लाइन-आउट असेल तर ते एकाच अँप्लिफायरला जोडावेत, पातळी जुळवावी, धक्कारोधक बंद करावे, आणि कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. तिथेही फरक उरला, तर चिपच्या क्रमांकावर खुशाल बोलू.